फोकस गेलाय म्हणालास तो तुकडा

दादा, तू गेल्यापासून घरात रोज माणसं येतात आणि तुझं कौतुक करून जातात. कुणी म्हणतं देवमाणूस होता, कुणी म्हणतं बहिणीला असा सांभाळणारा भाऊ आजकाल मिळायचा नाही. मी त्यांना चहा देते नि मान हलवते. खोटं नाही ते. पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं माझ्यापाशीच राहिलंय, म्हणून हे तुलाच लिहितेय. आता तू मधेच उठून बाहेर जाऊ शकत नाहीस.

बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याजवळ आली नि म्हणाली, त्यांचे सिनेमे लाव. तुझ्या त्या आठ मिलिमीटरच्या रिळांना सगळं घर सिनेमाच म्हणायचं. तिला तुला एकदा चालताना बघायचं होतं. भिंतीवरचा फोटो नको, म्हणाली, त्यात ते हलत नाहीत. मी हो म्हटलं, पण रिळांचा डबा काही लगेच काढला नाही. कारण एवढ्या रिळांत तू एकाच ठिकाणी होतास. आणि तो तुकडा तू स्वतःच्या हातानं कापलास, हे या घरात तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता तर फक्त मलाच.

कॅमेरा तू जपानच्या कुठल्याशा बंदरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलास. तेव्हाच तो म्हातारा झाला होता. तुझ्याबरोबरचे खलाशी टेपरेकॉर्डर आणायचे, नायलॉनच्या साड्या आणायचे, आणि तू हे डबडं आणलंस म्हणून आई दोन दिवस फुगून बसली होती. दिसायला एवढासा, पण हातात घेतला की वरवंट्यासारखा जड. सेल नाही, वायर नाही. बाजूला घड्याळासारखी चावी. ती भरायची, बटण दाबायचं, की आत खर्रर्र सुरू. एकदा भरली की जेमतेम अर्धा मिनिट, मग पुन्हा भरा. चावी भरताना तू दात आवळायचास नि वहिनी तुझी नक्कल करायची.

या घरात मला कुणी यंत्राला हात लावू दिला असेल तर तो तूच. शेजारच्यांच्या शिवणयंत्राजवळ गेले तरी आई ओरडायची, सुई मोडशील म्हणून. तू मात्र पडवीत मला शेजारी बसवून कॅमेऱ्याचं झाकण उघडलंस नि आतलं सगळं दाखवलंस. एक बारीक नखी असते, ती फिल्मच्या कडेच्या भोकात अडकते, फिल्म एक घर खाली ओढते नि सुटते. ती ओढत असताना पुढं पत्र्याची चकती आड येते, उजेड बंद. फिल्म थांबली की चकती बाजूला होते, उजेड आत येतो, एक चित्र उमटतं. सेकंदाला सोळा वेळा. चित्रं सगळी थांबलेलीच असतात गो, तू म्हणालास, हलतात ती आपल्या डोळ्यात. मी विचारलं, चकती आड असताना जे होतं ते कुठं जातं? ते गेलं, म्हणालास, अर्धा वेळ हा आंधळाच असतो. मला काही ते पटलं नाही. मग कसला हा कॅमेरा, असं मी म्हटलं नि तू माझ्या डोक्यात टपली मारलीस.

आणि ती फिल्म पालटायची गंमत. रीळ दुप्पट रुंद असायचं. एकदा चालवलं की अर्ध्या रुंदीवर चित्रं उमटायची, मग झाकण उघडून रीळ उलटं लावायचं नि उरलेल्या अर्ध्यावर दुसरी बाजू घ्यायची. धुणारे ती मधोमध उभी चिरून एकापुढं एक जोडून द्यायचे, झाला चार मिनिटांचा सिनेमा. पालटताना ऊन लागता कामा नये, म्हणून आपण दोघं आईची गोधडी डोक्यावर घेऊन बसायचो, मे महिन्याच्या उकाड्यात घामानं निथळत. दोरखंड ओढून तुझ्या बोटांना घट्टे पडले होते, फिल्मची बारीक कड तुला हाताला लागायची नाही. म्हणून ती मी लावायचे. त्या गोधडीखाली मी तुझी सगळ्यात लाडकी होते. ते मला तेव्हाही कळत होतं, नि आजही मी ते परत करायला तयार नाही.

एक गोष्ट तू पुन्हा पुन्हा बजावायचास. हिची निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जी फिल्म चालली तीच धुऊन परत येते नि तीच पडद्यावर चालते. हरवली की संपलं. धुवायला तू ती बोटीबरोबर न्यायचास, कुठल्यातरी मोठ्या बंदरात द्यायचास नि पुढच्या सुट्टीला घेऊन यायचास. म्हणजे या मे महिन्यात आपण काय केलं ते पुढच्या मे महिन्यात बघायचं.

तुझी सुट्टी बहुधा उन्हाळ्यातच यायची. गणपती, दिवाळी, नारळी पौर्णिमा, सगळं तू दर्यावर असताना होऊन जायचं. मग तू डोकं लढवलंस. घरी आलास की हुकलेले सण पुन्हा करायला लावायचास, कॅमेऱ्यापुरते. आंब्याच्या आढीवर आकाशकंदील टांगलेला, नि आई घामाघूम होऊन बाळूकाकाला उटणं लावतेय, हे आपल्या घराशिवाय कुणी पाहिलं नसेल. एकदा तू सगळ्यांना आपल्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर नेलंस नि भर वैशाखात सोनेरी कागदाचा नारळ समुद्रात टाकायला लावलास. मासळी सुकवणाऱ्या बायका हसून हसून लोळल्या. गणपतीला मात्र आईनं साफ नकार दिला. "बाप्पा काय तुझ्या बोटीच्या टायमावर येतो काय रे?" म्हणाली. तू तिला पुष्कळ गोड बोललास, पण ती बधली नाही.

आम्ही हसत हसत करायचो ते. वर्षभर पाण्यावर एकटा असतो, त्याला तेवढंच सुख, असं एकमेकांना सांगायचो. पुढच्या वर्षी तू ते रीळ लावलंस की डोळे भरून बघायचास, नि मग जेवताना म्हणायचास, त्या दिवाळीला काय मजा आली होती नाही. कुठली दिवाळी रे? त्या दिवाळीला तू आफ्रिकेच्या टोकाला होतास नि आईला ताप होता. पण तुझ्याशी वाद कोण घालणार. फिल्मवर होतं ना, म्हणजे झालं होतं. इथूनच तुझं बिघडत गेलं.

माझं लग्न तुझ्याशिवाय झालं. बाबा तर कधीच गेलेले. मुलगा अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत नोकरीला, घरचं चांगलं, ती माणसं थांबायला तयार नाहीत. तू तार पाठवलीस, उरकून घ्या म्हणून. बाबांच्या जागी बाळूकाका नि काकी बोहल्याशी बसले. मग मे महिन्यात तू आलास तो पहिल्याच दिवशी म्हणालास, शालूचं लग्न पुन्हा लावायचं.

तोवर मला सासरी जाऊन पाचेक महिने झाले होते. त्या माणसाचं नाव मी इथं घेणार नाही. चारचौघांत साखर, दार लागलं की हात उचलायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, शेजारणीशी खिडकीतून बोलले म्हणून, कधी काहीच नाही म्हणूनसुद्धा. आईला मी सांगितलं नव्हतं. तिचा जीव तो केवढा. मी तुझी वाट बघत होते. दादा आला की दादाला सांगायचं, दादा बघून घेईल, एवढ्यावर मी दिवस काढले होते.

शूटिंगच्या आदल्या दिवशी दुपारी तू पडवीत भिंग पुसत बसला होतास. मी जवळ येऊन बसले. म्हटलं, दादा, मला तुझ्याशी बोलायचंय. तू भिंगावर फुंकर मारलीस नि म्हणालास, उद्याचं एकदा पार पडू दे गो, मग सावकाश बोलू. उद्याचं पार पडलं. सावकाश काही आलं नाही, कारण तो मला त्याच संध्याकाळच्या गाडीनं अलोऱ्याला घेऊन गेला.

अंगणात मांडव होताच, त्याला तू आंब्याच्या पानांचे टाळे बांधलेस. आई म्हणाली, एकाच जोडप्यावर दोनदा अक्षता टाकत नाहीत, अपशकुन आहे. तर तू कुरमुऱ्यांना हळद लावून आणलीस. लांबून कुणाला कळतंय, म्हणालास. भटजीबुवा असल्या पोरखेळाला येईनात, म्हणून बाळूकाकाला उपरणं पांघरून उभं केलंस. काकाला मंगलाष्टकं कुठली येतायत. तू म्हणालास, आवाज कुठं येतोय यात, नुसते ओठ हलव. मग काकानं गंभीर चेहरा करून बे एके बे पासून पाढे म्हटले. सातच्या पाढ्याशी तो अडखळला नि सगळा मांडव हसून फुटला. मीसुद्धा हसले, त्या पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आवाज कुठं येतोय. हे तू मोठ्यानं सांगितलंस, सगळ्यांसमोर. माझ्या नवऱ्यानं ते ऐकलं होतं. अंतरपाट खाली झाला, मी हार घातला, आणि तो माझ्या कानाशी वाकून, तोंडभर हसत, असं काही बोलला जे मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. घरी चल, मग दाखवतो, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. का, तर मी काकाच्या पाढ्यांना दात काढले होते. आणि तू कॅमेऱ्यामागून ओरडत होतास, हस गो शालू, हस. मी हसले. चावी संपेपर्यंत हसले. तू पुन्हा चावी भरलीस नि मी पुन्हा हसले.

शेवटी ग्रुप. फिल्म थोडीच उरली होती. तू कॅमेरा तिपाईवर बसवलास, चावी ठासून भरलीस नि बटण दाबून खिटीत अडकवलंस, म्हणजे तो आपला आपण चालत राहील. सगळ्यांना दम दिलास, कुणी इकडंतिकडं बघायचं नाही, भिंगाकडंच बघायचं, नाहीतर सगळी फिल्म फुकट. आणि धावत येऊन टोकाला वहिनीशेजारी उभा राहिलास. तू घुसलास म्हणून रांग सरकली, मी सरकले, माझा पाय त्याच्या पायावर पडला. एवढंच. त्यानं माझा हात मागून धरून पिळला, असा पिळला की मी गुडघ्यात वाकले. आई, वहिनी, काका, काकी, शेजारपाजार, तू, सगळे भिंगाकडं बघून हसत होतात. एकानंही मान वळवली नाही. कुणाला दोष देऊ? तूच तसं सांगितलं होतंस. बघत होता तो फक्त कॅमेरा.

त्या दिवसाबद्दल मी तुला काही म्हणत नाही. तुला दिसलं नव्हतं. माझा राग आहे तो पुढच्या वर्षीचा.

पुढच्या उन्हाळ्यात तू आलास तेव्हा मी माहेरीच होते. निघून आले होते, नि परत जाणार नाही म्हणून आईला सांगून बसले होते. आई म्हणाली, दादा येऊ दे, तो म्हणेल तसं. तू आलास, नि मी तुला सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, नवराबायकोत थोडंफार व्हायचंच. मारतो म्हणजे किती मारतो, असंही विचारलंस. तुला लवकरच पुन्हा बोट धरायची होती, नि त्याच्या आत घरातलं सगळं मिटून हवं होतं. मला ते दिसत होतं. तुझं मन आधीच धक्क्यावर जाऊन उभं होतं.

दुसऱ्या दिवशी आपण धुऊन आलेली फिल्म जोडायला बसलो, नेहमीसारखंच. तो बघायचा छोटा डबा, एका बाजूला भरलेलं रीळ, दुसऱ्या बाजूला रिकामं. हातानं फिरवायचं नि मधल्या काचेवर टीचभर चित्र हलतं. नको तो भाग कात्रीनं कापायचा, टोकावरचा लेप ब्लेडनं खरवडायचा, नेलपॉलिशसारख्या वासाचं चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरायचं. खरवडायचं काम माझं. मी ब्लेड घेऊन तुझ्या शेजारी बसले होते. अंतरपाट आला, कुरमुरे आले, काकाचे पाढे आले. मग ग्रुप आला.

तू फिरवता फिरवता थांबलास. मागं फिरवलंस. पुन्हा पुढं. पुन्हा मागं, अगदी हळू, एकेक चित्र. त्या टीचभर काचेवर मी वाकत होते, सरळ होत होते, पुन्हा वाकत होते. टोकाला तू होतास, निळा सदरा, छाती पुढं काढून हसणारा. मला वाटलं, सुटले. आता मला तोंडानं काही सांगायला नको. आता दादा मला विचारणार नाही, किती मारतो म्हणून. मी तुझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

तू कात्री घेतलीस.

"फोकस गेलाय याचा," तू म्हणालास.

मी म्हटलं, "दादा, फोकस नीट आहे. माझ्या बांगड्या दिसतायत."

"तुला कळतं का मला?"

तू तो तुकडा कापलास, गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातलास, नि उरलेलं टोक माझ्यापुढं धरलंस. खरवड, म्हणालास. तुझा आवाज नेहमीचाच होता, पण तुझ्या कपाळावर घाम होता. तो सांधा तू माझ्याच हातून घालून घेतलास, दादा. एवढं तरी स्वतः करायचं होतंस.

दोन दिवसांनी तो नि त्याचे आईवडील बोलणी करायला आले. तू चादर टांगलीस, सिनेमा लावलास. सुरुवातच माझ्या लग्नानं केलीस. पडद्यावर मी हसत होते, तो माझ्या कानाशी वाकून काहीतरी लाडाचं बोलत असल्यासारखा दिसत होता. त्याची आई म्हणाली, बघा, किती खूश आहे पोर, नि म्हणे त्रास. माझी आई डोळे पुसत म्हणाली, होय हो, छानच दिसतायत दोघं. तू प्रोजेक्टरच्या दिव्याशी खुडबुड करत होतास. मग सगळ्यांसमोर मला म्हणालास, दिसतंय ना शालू, सगळं चांगलं आहे, जा आपल्या घरी. म्हणालास तेही चादरीकडं बघून. मी आत जाऊन सामान भरलं.

पुढची वर्षं मी सांगत बसत नाही. माझा उजवा कान त्यात गेला. एका सकाळी मी एकटीच एसटीत बसले नि मिऱ्याला आले, नि आईला म्हटलं, आता दादा काहीही म्हणू दे.

तू काहीच म्हणाला नाहीस. सुट्टीवर आलास, मला ओटीवर बसलेली पाहिलंस, बॅग खाली ठेवलीस नि विहिरीवर पाय धुवायला गेलास. बराच वेळ आला नाहीस. नंतर तू जे केलंस ते मी नाकारत नाही, नाकारलं तर मला पाप लागेल. सासरचे न्यायला आले तेव्हा तू बेड्यात, फाटकाच्या तोंडाशी, आडवा उभा राहिलास नि दगडी गडग्याच्या आत पाय टाकाल तर तंगड्या मोडीन म्हणालास, आख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं. मला शिवण शिकायला घातलंस, यंत्र आणून दिलंस. परसदारची खोली माझी म्हणून स्वतः रंगवलीस. वाडीत कुणी टाकलेली म्हणालं की त्याच्या दारात जाऊन भांडलास. कानासाठी मला कोल्हापूरला तूच नेलंस, नि डॉक्टर नाही म्हणाले तेव्हा येताना घाटात तू रडलास. तुला वाटलं मला ऐकू येत नाही. मी खिडकीशी बसले होते, चांगला कान तुझ्याकडं होता.

एवढं सगळं केलंस नि ते एक वाक्य तेवढं राहिलं. दर सुट्टीला मी विचारायचे, तो तुकडा कुठंय. तू म्हणायचास, कुठला तुकडा. त्यानंतर तू माझ्यावर कॅमेरा कधी धरला नाहीस, हेही माझ्या लक्षात आलंय बरं का. अंगणात सगळ्यांवरून फिरवत आणायचास नि माझ्यापाशी आलं की चावी संपायची. दर वेळी कशी संपायची रे? मी आयुष्यभर तुझी फिल्म लावली, मला चावीचं गणित शिकवू नकोस.

मग छातीचं दुखणं निघालं, बोट सुटली, तू कायमचा घरी आलास. फिल्म मिळेनाशी झाली, कॅमेरा कपाटात गेला. गावात व्हिडिओ आला, लग्नात भगभगीत लाइट लावून शूटिंग करणारे आले, आवाजासकट. तू नाक मुरडायचास, म्हणायचास त्यात कसब कसलं आलंय. मी म्हणायचे, बरं आहे की, त्यात कोण काय बोललं ते ऐकू तरी येतं. तू पेपर तोंडासमोर धरायचास.

गेल्या गणपतीत मी शेवटचं विचारलं. तू सारणासाठी नारळ खवत बसला होतास. मी म्हटलं, मला तुकडा नको, फेकला असशील तर फेकलास. फक्त एकदा म्हण, मी बघितलं होतं. तू मान वर केली नाहीस. खवणीवरचा हात तेवढा थांबला. "आता कशाला गो ते," म्हणालास. "तुला इथं काय कमी आहे?" मी उठून गेले. पुढं आपण बोलायला लागलो, पण मासळी काय आणायची नि विजेचं बिल भरलं का, एवढंच. आणि दोन आठवड्यांमागं एका दुपारी तू जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. असं कुणी करतं काय? मी तुझ्याशी भांडत होते ना अजून.

तू का म्हणाला नाहीस, ते मला कळत नाही असं नाही. बघितलं होतं म्हटलं असतंस, तर बघूनही पाठवलं हे आलंच असतं. ते तुला झेपणारं नव्हतं. म्हणून तू मला यंत्र दिलंस, खोली दिलीस, माझ्यासाठी जगाशी भांडलास, फक्त तेवढं सोडून. नि मी मूर्ख, मला तेवढंच हवं होतं.

तर काल संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर मी प्रोजेक्टर लावला. माजघरात चादर टांगली. वहिनी, बाळूकाका, काकी नि शेजारची दोन-चार माणसं. आई तुझ्या आधीच सुटली, बरं झालं. उन्हाळ्यातली दिवाळी झाली, नारळ समुद्रात पडला. वहिनी अगदी पुढं सरकून बसली होती. मधून मधून विचारायची, हे कुठं आहेत? काका सांगायचा, अगो तो काढतोय, मग दिसेल कसा. मग माझं लग्न आलं. काका स्वतःचे पाढे बघून हसला नि हसता हसता रडायला लागला. कुरमुरे पडले. काकी म्हणाली, काय गोड दिसत होतीस गो. मग मांडव एकदम नाहीसा झाला नि आढीतले आंबे दिसायला लागले.

"थांबव," वहिनी म्हणाली.

मी मशीन थांबवलं, दिवाही घालवला. फिल्म उभी असताना दिवा चालू ठेवला तर ती जळते. खोलीत काळोख झाला.

"इथं ते होते," वहिनी म्हणाली. "तिपाईवर मशीन लावून धावत आले होते, निळा सदरा घालून. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मला पक्कं आठवतंय. ते कुठं गेलं?"

फोकस गेला होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तुझं वाक्य तयारच होतं. पण ती बाई तुला चालताना बघायला बसली होती, नि तुझं खोटं तुझ्या माघारी मी तिला सांगायचं? मला ते जमलं नाही.

मी म्हटलं, "दादानं कापलं. त्यात माझा नवरा माझा हात पिळत होता नि तुम्ही सगळे हसत होतात. दादानं ते नंतर बघितलं. मला परत पाठवायचं होतं, म्हणून कापलं. त्या तुकड्याबरोबर त्यातला दादाही गेला."

मग काकीचा आवाज आला, "असू दे गो बाय. गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं आता. लाव पुढं."

तू असतास तर लावलं असतंस पुढं, दादा.

मी बटणाला हात लावला नाही. कुणीतरी चाचपडत भिंतीकडं गेलं नि बल्ब लागला. वहिनी होती. ती माझ्यासमोर येऊन बसली, नि बाकीचे तिथंच असताना, काकी नको नको म्हणत असताना म्हणाली, "मला सांग. पहिल्यापासून सांग, काय झालं ते."

एकेक करून सगळे उठून गेले. मी तिला सांगत राहिले, पहिल्या दिवसापासून, कानात बोलला तेसुद्धा. हात कसा पिळला ते दाखव म्हणाली, म्हणून तिचा हात धरून दाखवलं. ती रडली. माझ्यासाठी का तुझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. मला रडू आलं नाही. मला तुझा राग आला होता, तू गेल्यापासून आला नव्हता एवढा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर बसून मला विचारत होतं, नि तिथं तू बसायला हवा होतास.